साम्यवाद कागदावरच चांगला? मग तुलनाही नीट करू

चोपड्याला कॉलेजात एस.वाय.ला असलेल्या एका मुलाने विचारलंय. वादविवाद स्पर्धेचा विषय आहे "साम्यवाद कागदावरच चांगला". सरांनी सांगितलंय की साम्यवाद म्हणजे हुकूमशाही आणि लोकशाही म्हणजे त्याच्या बरोब्बर उलट, एवढं धरून बोल. पोराची अडचण अशी की मग केरळात निवडून येतात ते कोण, आणि चीनला कम्युनिस्ट म्हणायचं की नाही.

भाऊ, लांब होईल, दमाने वाच. मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. माझं बहुतेक आयुष्य शहादा, तळोदा, अक्कलकुवा या पट्ट्यात शेतमजुरांच्या आणि आदिवासींच्या संघटनेत गेलं. मजुरीचे तंटे, वनहक्काचे दावे, मोर्चे, कोर्टाच्या तारखा, हेच काम. खांद्यावर लाल झेंडा होता त्यामुळे मी तटस्थ आहे असा आव आणणार नाही. पण तुझ्या सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि आमच्या लोकांना ते अर्धंसुद्धा ऐकायला आवडत नाही, म्हणून दोन्हीकडचं लिहितो.

पहिली गडबड तुलनेतच आहे. साम्यवादाचं बोलायचं म्हटलं की स्टालिनचे तुरुंग काढायचे आणि लोकशाहीचं म्हटलं की राज्यघटनेची प्रस्तावना वाचायची. आमचे कार्यकर्ते याच्या उलट करतात, इकडून मार्क्स वाचून दाखवतात आणि तिकडून नंदुरबारचं कुपोषण दाखवतात. दोन्ही लबाडी आहे. कागद कागदाशी लाव आणि प्रत्यक्ष प्रत्यक्षाशी, मग बघ काय दिसतं.

कागद घेऊ आधी. मार्क्स-एंगल्सचा 1848 चा कम्युनिस्ट जाहीरनामा सगळे सांगतात पण राज्य चालवायचं कसं हे त्यात फारसं नाही. ते मार्क्सला दिसलं 1871 च्या पॅरिस कम्यूनमध्ये. दोन महिने आणि वर थोडे दिवस टिकलेलं कामगारांचं नगरराज्य. निवडून दिलेला माणूस मतदारांना पाहिजे तेव्हा परत बोलावता येणार, त्याचा पगार कामगाराएवढा, कायम फौजेच्या जागी हत्यारबंद नागरिक. मार्क्सने याचं भरभरून कौतुक केलं. म्हणजे मूळ कागदावर आपल्यापेक्षा जास्तच लोकशाही आहे, आपला आमदार पाच वर्षं फिरकला नाही तरी आपण त्याचं काय करू शकतो सांग? पुढे 1875 ला त्याने ते प्रसिद्ध सूत्र लिहिलं, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे काम आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटा. पण हे शेवटच्या टप्प्याचं आहे, उत्पादन भरभरून वाढल्यानंतरचं. मधल्या टप्प्यात कामगारांची सत्ता असेल असं तो म्हणतो, आणि त्या सत्तेला लगाम कोण घालणार यावर त्याने जेवढं लिहायला हवं होतं तेवढं लिहिलं नाही. माझ्या मते सगळा घोळ इथून सुरू होतो.

रशियात काय झालं बघ. क्रांती झाली 1917 ला, लगेच संविधान सभेची निवडणूक पण झाली, तीत बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पक्षाला, साधारण पावभाग मतं मिळाली, सर्वात मोठा पक्ष निघाला शेतकऱ्यांत जोर असलेला समाजवादी क्रांतिकारक पक्ष. जानेवारी 1918 ला सभा एकदाच बसली आणि बोल्शेविकांनी ती बरखास्त केली. त्याच वर्षी रोझा लक्झेंबर्ग जर्मनीच्या तुरुंगातून लिहीत होती की स्वातंत्र्य म्हणजे वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य. ती कुणी भांडवलदारांची माणूस नव्हती, क्रांतीच्या बाजूची पक्की मार्क्सवादी होती. तिचं कुणी ऐकलं नाही. मग 1921 ला पक्षाच्या आतल्या गटांवरही बंदी आली. यादवी होती, परकी फौजा घुसल्या होत्या, ही कारणं खरी आहेत, पण लढाई संपली तरी बंदी उठली नाही. स्टालिन वाईट माणूस होता म्हणून सगळं बिघडलं असं जे म्हणतात त्यांना हे सांग की तो बसला तोपर्यंत त्याला खाली उतरवायच्या जागाच बुजवून झाल्या होत्या.

आता हे यंत्र चालतं कसं ते आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारा शेतगडी, तुला माहिती आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं, मालकाशी पटलं नाही तर पुढच्या आखाजीला तो दुसऱ्या मालकाकडे नाहीतर दुसऱ्या गावाला जातो, आणि आता तर सरळ सुरतला नाहीतर ऊसतोडीला. पिळवणूक सगळीकडेच आहे पण मालक एकापेक्षा जास्त आहेत, ही त्याची तेवढीच ताकद. सोव्हिएत सामूहिक शेतीवरच्या माणसाला ती पण नव्हती. 1932 ला देशांतर्गत पासपोर्टची पद्धत आली आणि खेड्यातल्या सामूहिक शेतकऱ्यांना त्यातून वगळलं, त्यांना पासपोर्ट द्यायचा निर्णय व्हायला 1974 उजाडलं. शेत सरकारचं, दुकान सरकारचं, पेपर सरकारचा, पोलीस सरकारचा, आणि युनियन पण सरकारची. भांडण झालं तर जायचं कुणाकडे? म्हणून 1980 ला पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या गोदीत कामगारांना कामगारांच्याच म्हणवणाऱ्या सरकारविरुद्ध संप करून स्वतःची वेगळी युनियन मागावी लागली. मला त्या संपाबद्दल आमच्या जुन्या लोकांशी बोलताना नेहमी जाणवायचं की हा विषय काढला की ते पटकन अमेरिकेवर जातात.

आणि हे असलं आपण खान्देशात थोडंसं चाखलंय, ते पण काँग्रेसच्या राज्यात. कापूस एकाधिकार खरेदी योजना. तुझ्या आजोबांना विचार. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस विकायचा तर फक्त पणन महासंघाला, व्यापाऱ्याला विकणं बेकायदेशीर. कल्पना वाईट नव्हती, का आणली ते लक्षात घे, व्यापारी काट्यात मारायचा, कडता म्हणून वजनात कपात लावायचा, हंगामात भाव पाडायचा आणि शेतकऱ्याला उधारीत अडकवून ठेवायचा. शेतकऱ्यांनाच ती पाहिजे होती. पहिल्या काळात आधार पण मिळाला. मग काय झालं, खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, रात्र रात्र गाडीखाली झोपायचं, ग्रेडर सांगेल ती प्रत, चांगल्या कापसाला खालची प्रत लावली तर तक्रार कुणाकडे करायची तर ग्रेडरच्याच साहेबाकडे. चुकारे उशिरा. केंद्रावर ऐकू येणारं वाक्य एकच असायचं, "पैसा कव्हय भेटतीन भो?" आणि बाहेर भाव जास्त असला की रातोरात कापूस सीमेपलीकडे गुजरातेत नाहीतर मध्य प्रदेशात, बाहेर भाव कमी असला की तिकडचा कापूस इकडे. महासंघाचा तोटा वाढत गेला आणि तो सरकार भरत राहिलं, त्यामुळे तोटा कमी करायची घाई कुणालाच नव्हती. सोव्हिएत नियोजन नेमकं याच जागी लंगडं पडायचं, खरेदीदार एकच, भाव मंत्रालयात ठरलेला आणि चुकीचा भुर्दंड चूक करणाऱ्याला बसतच नाही.

पण फरक कुठे आहे बघ, कारण स्पर्धेत तुला हाच मुद्दा उपयोगी पडेल. आपल्या शेतकऱ्याने कापूस सीमेपलीकडे नेला तर पकडला गेल्यावर गाडी जप्त, केस, फार तर दंड. शेतकरी संघटनेने रस्ते अडवले, विधानसभेत भांडणं झाली, पेपरात महासंघाचे वाभाडे निघाले आणि शेवटी 2000 नंतर खाजगी व्यापाऱ्याला दार उघडलं. रशियात हीच गोष्ट 1929 नंतर झाली तेव्हा धान्य लपवणाऱ्याला कुलक, म्हणजे श्रीमंत शेतकरी, ठरवून सैबेरियाला पाठवलं, वसुली चालूच ठेवली, आणि 1932-33 ला युक्रेन आणि कझाकस्तानात लाखो माणसं उपाशी मेली आणि पेपरात ओळ नाही. योजना चुकणं दोन्हीकडे झालं. आपल्याकडे आरडाओरडा करता येत होता.

आणि एक गंमत, एकाधिकार गेला म्हणून शेतकरी सुखी झाला असं काही नाही. आज भाव पडला की तोच शेतकरी सीसीआयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाच्या, केंद्रावर रांगेत उभा असतो आणि सरकारने खरेदी वाढवावी म्हणतो. त्याला सरकार पण पाहिजे आणि व्यापारी पण, दोघांपैकी कुणीही एकटा नको. मला तर हा अर्थशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा शहाणपणाचा हिशोब वाटतो.

दुष्काळाचं उदाहरण याहून मोठं आहे. चीनमध्ये 1958 ला मोठी झेप म्हणून मोहीम निघाली, गावागावातून वरती फुगवलेले आकडे जायला लागले कारण कमी आकडा पाठवणारा उजव्या विचाराचा, म्हणजे पक्षविरोधी ठरायचा. वरती वाटलं धान्य भरपूर आहे, वसुली वाढवली, निर्यात पण चालू ठेवली. 1959 ला लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पंग दहुआईने माओला पत्र लिहून परिस्थिती सांगितली तर त्याचंच पद गेलं. 1961 पर्यंतच्या त्या दुष्काळात किती मेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आहेत. त्याच्या शेजारी आपला 1972 चा दुष्काळ ठेव. महाराष्ट्रात पिकं साफ गेली होती, विहिरी आटल्या, गुरं मेली. पण सरकारला कामं काढावी लागली, खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, 1973 च्या मे महिन्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामावर होती. सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटला, मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. हाल झाले पण चीनसारखी गावंच्या गावं मेली नाहीत. सरकार फार दयाळू होतं असं नाही. तालुक्या-तालुक्याला मोर्चे येत होते, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणत होत्या, विरोधी आमदार बोंबलत होते, आणि पुढे निवडणूक होती. त्यातूनच रोजगार हमी कायदा आला. आणि लक्षात ठेव, त्या मोर्च्यांत लाल झेंडे भरपूर होते, अहिल्याताई तर मार्क्सवादी कम्युनिस्टच. म्हणजे कम्युनिस्टांनी लोकांसाठी सगळ्यात चांगलं काम केलं ते विरोधात असताना केलं, असं कुणी म्हटलं तर मी फारसा वाद घालणार नाही.

अमर्त्य सेन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की जिथे निवडणुका आणि मोकळे पेपर आहेत तिथे मोठा दुष्काळबळी होत नाही. ते स्पर्धेत सगळेच सांगतील. सांगत नाहीत ते त्यांचंच पुढचं म्हणणं, की लोकशाही भारताने रोजची भूक तशीच चालू दिली, आणि त्या बाबतीत चीनने आरोग्यात आणि शाळेत आपल्याला मागे टाकलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर पावसाळ्यात कमी वजनाचं मूल दगावलं तर सरकार पडत नाही. एकदम हजार माणसं मेली तर बातमी होते, पाड्यापाड्यावर एकेक मूल गेलं तर तो रजिस्टरमधला आकडा होतो आणि कधी कधी तोही होत नाही.

म्हणजे आता आपल्या बाजूचा कागद आणि प्रत्यक्ष. 25 नोव्हेंबर 1949 ला डॉ. आंबेडकर संविधान सभेत म्हणाले होते की 26 जानेवारीपासून आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता. हे मी रोज पाहिलंय. मतदानाच्या दिवशी सालदाराचं मत आणि मालकाचं मत सारखं, दुसऱ्या दिवशी मालक विचारतो कुणाला टाकलं रे, आणि त्याने उचल घेतलेली असते. जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा 1961 चा. कागदावर इतका छान की मार्क्स पण खूश झाला असता, आणि जमिनी झाल्या पोरांच्या, पुतण्यांच्या आणि काही ठिकाणी भलत्याच माणसांच्या नावावर, सातबारा वेगळा आणि वहिवाट वेगळी. तेव्हा "कागदावर चांगला" हा टोमणा फक्त साम्यवादाला मारू नको.

शहाद्याचं बघ. 1972 ला तिथे श्रमिक संघटना उभी राहिली, त्याआधीपासून अंबरसिंग महाराज भिल्ल समाजात काम करत होते. आदिवासींच्या जमिनी कर्जात, दारूच्या उधारीत दुसऱ्यांकडे गेलेल्या, पीक राखण्याच्या नावाखाली मोठ्या शेतकऱ्यांची पथकं मजुरांना मारायची. लोकांनी सालदारांची मजुरी वाढवून घेतली, बायकांनी दारूची मडकी फोडली, आणि राज्यभरातल्या अशा दबावातून 1974 चा आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा झाला. यातली भाषा मार्क्सची होती, वापरलेले रस्ते घटनेने दिलेले होते, सभा, संघटना, कोर्ट. दोन्हीपैकी एक काढून टाक आणि ते आंदोलन उभं राहतं का ते सांग. घटना नसती तर पहिल्याच महिन्यात सगळे आत गेले असते, आणि विषमतेचा विचार नसता तर मतपेटीने त्या मजुराला अजून शंभर वर्षं मतच मागितलं असतं, मजुरी नाही.

केरळचं विचारलंस. 1957 ला ई. एम. एस. नंबुद्रिपाद निवडणूक जिंकून मुख्यमंत्री झाले, जमीन सुधारणा आणि शिक्षणाचं विधेयक आणलं, विरोधकांनी आंदोलन पेटवलं आणि 31 जुलै 1959 ला नेहरूंच्या केंद्र सरकारने ते बहुमतातलं सरकार बरखास्त केलं. इथे मतपेटी कुणी मानली आणि कुणी नाही? चिलीत तर 1970 ला निवडून आलेल्या आयेंदेचं सरकार 1973 ला लष्कराने उलथवलं, तिथे कम्युनिस्ट सरकारात होते आणि रस्ता निवडणुकीचाच होता. पण आमच्या बाजूचंही सांगायला पाहिजे, 1975 च्या आणीबाणीला भाकपने, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाने, पाठिंबा दिला होता, माकप, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष, विरोधात होता. बंगालात 1977 पासून 34 वर्षं डावी आघाडी, ऑपरेशन बर्गामध्ये 14 लाखांवर कुळांची नोंद झाली, हे खरंच मोठं काम. आणि त्याच सरकारच्या पोलिसांनी 14 मार्च 2007 ला नंदीग्राममध्ये जमीन वाचवणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, 14 माणसं मेली. 2011 ला लोकांनी पाडलं, मुख्यमंत्री स्वतःच्या मतदारसंघात पडले, आणि सरकार मुकाट्याने घरी गेलं. तुझ्या सरांना एवढंच विचार, जो पक्ष हरल्यावर घरी जातो तो हुकूमशाहीवाला कसा? आणि आमच्या लोकांना मी विचारतो, तुमच्या पुस्तकात हरल्यावर घरी जायचं कुठे लिहिलंय? नाही लिहिलेलं. ते बंगालला घटनेने शिकवलं.

चीनबद्दल. पक्षाचं नाव कम्युनिस्ट, घटनेच्या पहिल्या कलमात लोकांची लोकशाही हुकूमशाही असा शब्दप्रयोग, आणि बाजारात खाजगी मालक, अब्जाधीश, सगळं. 1978 ला आनह्वी प्रांतातल्या शियाओगांग गावात 18 कुटुंबांनी गुपचूप कागद केला आणि सामूहिक जमीन घरोघरी वाटून घेतली, पकडले गेलो तर एकमेकांची पोरं सांभाळू असं ठरवून. पीक वाढलं, देंग शियाओपिंगच्या काळात तेच देशाचं धोरण झालं. चाळीस वर्षांत 80 कोटींच्या आसपास माणसं दारिद्र्यातून वर आली असं जागतिक बँक सांगते आणि याला नाकं मुरडायचं कारण नाही. पण 2018 ला शेनझेनच्या एका कारखान्यात कामगारांनी स्वतःची युनियन करायचा प्रयत्न केला, त्यांना पाठिंबा द्यायला बीजिंगच्या विद्यापीठातली मार्क्स वाचणारी पोरं आली, आणि पोलिसांनी कामगार आणि पोरं दोघांनाही उचललं. मार्क्सवाद पाठ करायचा पण वापरायचा नाही. मी त्याला पक्षाच्या ताब्यातला भांडवलशाही कारभार म्हणतो, तू तुझं ठरव.

आता थोडं अनुभवाचं, कारण तत्त्वं कुठे कुजतात ते जवळून बघितलंय. पक्षात एक नियम असतो, लोकशाही केंद्रीयता, म्हणजे आत चर्चा करा, एकदा ठरलं की सगळ्यांनी तेच बोलायचं, खालच्या कमिटीने वरच्या कमिटीचं ऐकायचं. लढ्यात हा नियम फार कामाचा आहे, संपात प्रत्येक जण आपापलं बोलायला लागला तर मालक दोन दिवसांत फोडतो. पण शांततेत हाच नियम वरच्याला कायम वर ठेवतो. ठराव वरून टाइप होऊन येतो, वाचला जातो, हात वर, मंजूर. पावतीबुकं, सभासद यादी, बँकेचं पासबुक एकाच माणसाच्या पिशवीत, आणि तो माणूस प्रामाणिक असला म्हणजे तर आणखी अवघड, कारण प्रामाणिक माणसाकडे हिशोब मागायला लोकांना लाज वाटते.

याच्या उलट वनहक्काच्या ग्रामसभा. 2006 चा कायदा, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीचा दावा, एका माणसाला किंवा कुटुंबाला जास्तीत जास्त 4 हेक्टर. नियमात ग्रामसभेला निम्मी हजेरी पाहिजे आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. एका पाड्यावर झाडाखाली सभा बसली, म्हातारा उठून सांगतो हा नाला याच्या बापाच्या काळापासून याच्याकडे, दुसरी बाई म्हणते खोटं आहे, वरचा तुकडा माझ्या सासऱ्याचा होता, दुपार गेली भांडणात, संध्याकाळी शिवार चालून आले आणि ठराव झाला. कम्यूनच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मी पाहिली असेल तर ही, आणि ती भारतीय संसदेने केलेल्या कायद्यातली आहे. मग फाइल उपविभागीय समितीकडे गेली आणि तिथून शेरा आला, पुरावा अपुरा. वडीलधाऱ्यांचा जबाब हा पुरावा म्हणून नियमातच आहे, तरी. दोन वर्षं अपिलात गेली.

शेवटचं, जे पॅरिसच्या किंवा मॉस्कोच्या कागदात सापडणार नाही. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील 1978 ला माकपमधून बाहेर पडले आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यांचं भांडण हे की पक्ष वर्ग बघतो आणि जात बघत नाही, म्हणून मार्क्सला फुले-आंबेडकरांची जोड दिल्याशिवाय इथे काही होणार नाही. तेव्हा त्यांना पक्षात फार कमी लोकांनी धरलं, आज जवळपास सगळे डावे जातीवर बोलतात. गावात मजूर आणि छोटा शेतकरी एकत्र का येत नाहीत याचं उत्तर मजुरीच्या दरात शोधून मिळत नाही, दोघांच्या पाणवठ्यात आणि सोयरिकीत मिळतं. स्पर्धेत हा मुद्दा घेतलास तर समोरच्या टीमकडे त्याचं उत्तर तयार नसेल, पण परीक्षकांपैकी कुणी धुळ्याकडचा निघाला तर तो उलट प्रश्न विचारेल, त्यामुळे शरद पाटलांचं थोडं वाचून जा. धुळे-जळगावच्या जुन्या वाचनालयांत शोध, मिळण्यासारखं आहे.